चाकावरच्या घरातली भिंत

आमचं घर ट्रकच्या मागं जोडून नेता येते. माहेरी हे सांगितलं का बाया तोंडाले पदर लावून हासतात. म्हनतात, मंग चूल पेटवून चालते का वो तुमचं घर, धूर सोडत? पन खरंच आहे. खाली लोखंडाचा सांगाडा, दोन चाकं, पुढं ट्रकले अडकवाचा आकडा. वरतं लाकडी चौकटी, बाहेरून पत्रा ठोकला, आतून प्लायवूड. साहेब लोक त्याले ट्रेलर म्हनतात. आमी सगळे डब्बा म्हनतो.

आमचे हे बोर मशीनवर हेल्पर आहेत. जमिनीत चुन्याचा दगड किती खोल गेला ते पाहाले मशीन भोकं पाडते, आन् दगडाच्या गोल गोल कांड्या वर काढते. एका जागचं झालं का सगळा कॅम्प उचलाचा आन् दुसरीकडं. बाकीचे लोक तंबूत राहात. डब्बा आधी साहेबाचा होता. साहेबाले नवा आला, जुना रिकामा पडला, तेव्हा ह्यांनी हिंमत करून विचारलं, "साहेब, बायको आनू का?" हे साहेबाशी जन्मात एवढं लांब बोलले नव्हते.

साहेब म्हनले, "आण. पण गाडी चालू असताना आत कोणी बसायचं नाही, आणि तुमचं सामान तुम्ही सांभाळायचं."

ह्यांनी हिंमत केली त्याले कारन होतं. बाबू झाला तेव्हा हे मशीनवर होते. पयल्यांदा पाहाले आले तेव्हा बाबू मान धरून इकडं तिकडं पाहाले लागला होता. ह्यांनी त्याले उचललं, त्यानं ह्यांची मिशी पाह्यली आन् असा रडला, असा रडला, का शेजारची बाई विचाराले आली पोराले काय चावलं म्हनून. हे बाहेर जाऊन ओट्यावर बसले. मी भाकरी द्याले गेली तं म्हनले, "माह्यंच पोट्टं मले चोर समजते." त्या दिवशी मी ठरवलं का आता जिथी मशीन तिथी आमी.

ठरवलं खरं, पन मी आहे भित्री. सातवीनंतर शाळा सुटली, कारन पुढच्या शाळेच्या वाटेवर नाला होता आन् नाल्याची मले भीती वाटे. गडचांदूरले डब्ब्यात आली तेव्हा मले मशीनची भीती, विंचवाची भीती, साहेबाची भीती, साहेबाच्या चष्म्याची त्याहून जास्त. पन डब्बा पाह्यला आन् सगळी भीती पोटातून वर येऊन हासूच होऊन गेली. दोन खिडक्या! दाराले कडी! कोपऱ्यात बाबूच्या झोक्यासाठी छताले लोखंडी सळाख! मी तीनदा आत गेली, तीनदा बाहेर आली, तिसऱ्या खेपेले पायरीवरून पडली. हे म्हनले, "घर पाहून राह्यली का कसरत करून राह्यली?"

आता सामान. खाली ठेवलं का बाबू लोळत लोळत जाऊन तोंडात घाले. बाहेर ठेवलं का कुत्रे नेत. म्हनजे सगळं भिंतीले टांगाचं. आमच्या घरी मातीची भिंत, खुंटी ठोकली का आजीपासून नातवापर्यंत ती तिथीच. मी हातोडी घेतली, बोटभर खिळा घेतला आन् हानला. पयल्या ठोक्यात आत, दुसऱ्या ठोक्यात सरळ पार, आन् बाहेरून आवाज आला, "अगाऽऽई!"

बाहेर डब्ब्याले पाठ टेकून ट्रकचे डायव्हरभाऊ बिडी पीत बसले होते. ते पाठ चोळत दारात आले. मी हातोडी मागं लपवली, जशी काई त्याईले दिसलीच नाई.

"वैनी, आत संसार लावून राह्यल्या का बाहेर मानसं टांगून राह्यल्या?"

मले रडू याले पाह्यजे होतं. मी हासत सुटली. मले भेव लागलं का हासू येते, काय करू. डायव्हरभाऊ बी हासले, पन तेव्हापासून डब्ब्याले टेकून बसाच्या आधी ते पत्र्यावरून हात फिरवून पाहात.

मंग मी शिंकी केली. आमच्याकडं घरोघरी शिंकं राह्यते, दुधाचं, लोन्याचं, मांजरापासून वाचवाले. दोर विनाले मले चांगले येतात. छताच्या सळाखीले ओळीनं शिंकी बांधली, कोनात भाताचा गंज, कोनात परात, कोनात तवा, कोनात कंदील, एकात खलबत्ता. जत्रेतलं दुकान दिसे. मी खाटेवर निजून वर पाहात राहो आन् बाबू बी पाहात राहे, दोघं माय-लेक आ करून.

त्यातच सासूबाई आल्या. चामोर्शीकडचं आमचं गाव, तिथून दोन एष्ट्या बदलून, डोक्यावर तांदळाचं बोचकं घेऊन. मी त्याईले आत्याबाई म्हनते. आत्याबाईनं नातवाले घेतलं, आन् एका शिंक्याले बोट लावून ते किती झुलते ते पाह्यलं.

दुसऱ्याच दिवशी कॅम्प नाल्यापलीकडं सरकवाचा होता. एवढ्याशा अंतराले काय सामान काढाचं, म्हनून मी काईच काढलं नाई. ट्रक पुढं, मागं डब्बा, डब्ब्याच्या मागं आमी दोघी पायी, बाबू माह्या कडेवर. नाल्याचा उतार लागला आन् आत बँड सुरू झाला. आमच्या लग्नात इतका वाजला नव्हता! खिडकीतून दिसे, परात इकडून तिकडं जाय, तवा तिच्या मागं, कंदील तं खिडकीत येऊन आमाले पाहून गेला. एकेक शिंकं झोक्यावर बसल्यावानी. मले हासू आलं, आन् आलं तं थांबेच ना.

"हास," आत्याबाई म्हनल्या. "हास, हास."

पलीकडं ह्यांनी दार उघडलं. अर्धं सामान खाली, तांदूळ सगळीकडं. आन् बाबूचा झोका जिथी राह्यते तिथी, त्याच्या डोक्याच्या बाजूले, प्लायवूडले भोक. लोखंडी बत्ता शिंक्यातून उडून तिथी लागला होता. आत्याबाईनं त्या भोकात बोट घातलं. अर्धं बोट आत गेलं.

"इथी पोट्ट्याचं डोस्कं राह्यते," त्या म्हनल्या.

माह्यं हासू जागच्या जागी वाळलं. आत कोनी नव्हतं, बाबू माह्या कडेवर होता, तरी मी खाली तांदळावर बसली. वारं सुटलं असतं, बैल धडकला असता, कोनी नुसता धक्का दिला असता उभ्या डब्ब्याले, तं?

आत्याबाई ह्यांच्याकडं वळल्या. "आता पुढचा कॅम्प गडचिरोलीच्या तिकडं आहे ना? आपल्या गावची एष्टी तिथूनच जाते. तिथी डब्बा उघडू. भिंतीवरची एक वस्तू जरी खाली पडलेली दिसली, तं मी हिले आन् पोट्ट्याले घेऊन तशीच गावाले जाते. मंग तू मशीन सांभाळ."

मी ह्यांच्याकडं पाह्यलं. हे मशीनले भीत नाई, वाघाले भीत नाई, आईले भेतात. म्हनले, "आई म्हनते ते बराबर आहे," आन् खाली पडलेला स्टो उगाच पुसाले लागले. मले इतका राग आला का मी त्याईच्या हातातून स्टो ओढून घेतला. कारन बराबरच होतं ना. तोच तं राग होता. आत्याबाई चूक असत्या तं भांडली असती.

सकाळी बाबूले आत्याबाईजवळ देऊन मी भिंतीपुढं उभी राह्यली. खिळा पार गेला तो कायले? मागं काईच नव्हतं, पोकळ. पन डब्बा उभा तं आहे, म्हनजे कुठीतरी लाकूड असनारच. बाजारात मडकं घेताना कसं बोटानं वाजवून पाह्यतात, तसं मी बोटाच्या हाडानं भिंत वाजवाले लागली. डब, डब, डब, डब, टक. टक! तिथी कोळशानं रेघ मारली. पुन्हा डब, डब, डब, टक. खाली टक, वरतं टक. लाकडाची अख्खी पट्टीच सापडली, छतापासून खालपर्यंत! मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

"भिंतीशी काय बोलून राह्यली?" आत्याबाई म्हनल्या.

"लाकूड शोधून राह्यली, आत्याबाई."

त्याईनं बाबूले थोपटता थोपटता माह्या बोटाचे दोन-चार ठोके ऐकले. मंग म्हनल्या, "तिथी नाई, बोटभर इकडं."

"इथी?"

"बहिरी आहेस का वो? हट." आन् बाबूले माह्या अंगावर टाकून त्याच उठल्या, कान भिंतीले लावला, आन् डब डब टक, माह्याहून दुप्पट बेगीनं. आत्याबाईची ही गोष्ट मले तेव्हा समजली. त्याईले आमाले घेऊन जाचं होतं, मनापासून जाचं होतं, पन डोळ्यादेखत काम वाकडं झालेलं त्याईले पाहावत नाई.

त्याच म्हनल्या, "शिंकं वाईट नाई. पन जे लटकते ते झुलते. लटकवू नोको, बांध. अंगालगत बांध, पोट्टं पाठीले बांधतात तसं." आन् तट्टा त्याईनंच सुचवला. बांबूच्या कमच्यांचा विनलेला तट्टा, ज्याचे कुड करतात, तो. तो भिंतीभर लावाचा, लाकडाच्या पट्ट्यांवरच स्क्रू माराचा, आन् तट्ट्याच्या विनीतून दोरी काढून एकेक वस्तू आवळाची. म्हनजे वजन एका खिळ्यावर येत नाई, सगळ्या तट्ट्यावर पसरते.

बाजाराच्या दिवशी तट्टा आनला. मशीनच्या मेकॅनिककडून स्क्रू आनले, आखूड आखूड, अंगठ्याच्या नखाशी मोजून, म्हनजे कोनाच्या पाठीत निघनार नाई. डायव्हरभाऊनं ट्रकच्या टायरची फुटकी टूब दिली. तिच्या पट्ट्या कापल्या, दोन बोटं रुंद. डबे, आरसा, कंदील, सगळ्याच्या पोटावरून टूब आडवी ओढून दोन्हीकडं बांधली. टूब काय धरते! हात लावला तं हलते, सोडला तं पुन्हा जागेवर. जड ते सगळं गुडघ्याच्या खाली, खोक्यात, खोकं पट्टीले आवळून. बत्ता तं मी त्याहून खाली ठेवला, फडक्यात गुंडाळून, पोत्यात घालून, पोत्याचं तोंड शिवून. चटनी कुटाची असली का टाके उसवाचे. हे म्हनले, "बत्ता आहे का कैदी?" झोक्याच्या वरतं काईच नाई. आत्याबाईनं बाबूचं टोपरं तिथी अडकवलं होतं, मी तेबी काढलं.

आता टिकते का नाई हे कसं पाहाचं? रस्त्यावर नेऊन पाहाले ट्रक कोन देईन? मी ह्यांले म्हटलं, "तुमी सगळे मिळून हालवा."

"काय हालवू?"

"घर."

मशीनवरचे सगळे गडी जेवून आले होते, त्याईले तेच पाह्यजे होतं. अर्धे इकडून, अर्धे तिकडून, डब्ब्याले हात लावून उभे. मी आत, पाहाले. बाबू आत्याबाईजवळ, लांब निंबाखाली. आन् सुरू झाले ना! हुप्पा! हुईय्या! डब्बा असा डोलला का मी दाराची कडी धरून लटकली. डबे खडखड करत, आरशात छत दिसे, मंग माह्यं तोंड दिसे, मंग छत. मी ओरडून राह्यली, "आनखी! आनखी!" बाहेरून आत्याबाई ओरडून राह्यल्या, "अरे मारून टाकता का पोरीले!" आन् गड्यांले तं गानंच सुचलं.

मंग वरतून एक आवाज आला, पट्, पट्, पट्, जसे बलाऊजचे हुक तुटतात. अख्खा तट्टा वरतून सुटला आन् हळूच, बिलकुल घाई न करता, माह्या अंगावर आला. डब्यांसहित, आरशासहित, कंदिलासहित. एक बी वस्तू त्याच्यावरून सुटली नाई. मी खाली, माह्यावर तट्टा, तट्ट्यावर संसार.

हे आत धावले. "लागलं का? कुठी आहेस?"

"भिंतीच्या खाली," मी म्हटलं, आन् दोघंबी हासलो, हे लय दिवसानं हासले.

पन बाहेर येऊन पाह्यलं तं आत्याबाई हासत नव्हत्या. तट्टा झोक्यावरून गेला असता तं, हेच त्या पाहून राह्यल्या होत्या. मीबी पाह्यलं. आता कॅम्प उठाले जास्त दिवस नव्हते.

स्क्रू लाकडातच होते, एकबी उपटला नव्हता. त्याईचं डोस्कं बारीक, तट्ट्याची विन मोकळी, धक्के बसून बसून विनच त्याईच्यावरून निघून आली. टोपी लहान आन् डोकं मोठं, तसं. डायव्हरभाऊनं स्क्रू पाह्यला, तट्टा पाह्यला, आन् निघून गेले. मले वाटलं कटाळले. ते पानठेल्यावर गेले होते. येताना खिशात सोड्याच्या बाटल्यांची झाकनं, पत्र्याची, कंगोरेवाली, खळखळ खळखळ. एकेक झाकन ठोकून चपटं केलं, मधात भोक पाडलं, स्क्रूच्या डोक्याखाली घातलं. झाकन मोठं, विनीतून निघूच शकत नाई. वरच्या पट्टीले ओळीनं झाकनं लागली, तं भिंतीले कानातले बुंदे घातल्यावानी दिसे.

पुन्हा हालवलं. या खेपेले साहेबच आले, आरडाओरड ऐकून.

"काय चाललंय हे?"

गडी थांबले. डायव्हरभाऊ म्हनले, "साहेब, सूनबाईची परीक्षा हाय जी. सासूबाईनं पेपर काढला."

साहेबानं चष्मा वर केला. साहेबानं टायर पाह्यलं, दारातून आत डोकावून तट्टा पाह्यला, आन् म्हनले, "डावीकडून जास्त ढकला. रस्त्याला खड्डे डावीकडेच असतात." आन् गेले. गड्यांनी डावीकडून लय ढकललं, पन तट्टा सुटला नाई. त्या दिवसापासून मले चष्म्याचं भेव कमी झालं. थोडंसं.

निघाच्या दिवशी दाराले तार गुंडाळून पक्कं केलं. ट्रकच्या पुढं डायव्हरभाऊ, मधात मी बाबूले घेऊन, खिडकीशी आत्याबाई. हे मागं ट्रकवर, मशीनच्या पाइपांवर बसून. आत्याबाईनं स्वतःचं बोचकं तं बांधलंच होतं, माह्या दोन साड्या आन् बाबूची लंगोटंबी त्यातच बांधली होती. मले न विचारता. ते बोचकं सगळ्या रस्त्यानं माह्या पायाशी होतं.

माह्यं तोंड पुढं आन् कान मागं. चंद्रपूर गेलं, जंगल लागलं, मूलच्या पुढं एक खड्डा असा आला का बाबूबी झोपेतून हवेत उठला. आन् खण्ण!

मी आत्याबाईकडं पाह्यलं. त्या बाहेरची झाडं पाहून राह्यल्या होत्या. गालात हासू.

"काईतरी पडलं," त्या म्हनल्या.

"नाई जी."

"पडलं. भाऊ, पडलं ना?"

डायव्हरभाऊ म्हनले, "तो माह्या जेवनाचा डबा हाय, आत्याबाई, सीटखाली. तुमी दोघींनी पोळ्या खाल्ल्या ना मघा, आता रिकामा हाय, म्हनून बोलते."

थोड्या वेळानं पुन्हा खण्ण झालं. मंग आनखी एकदा. दर खेपेले आत्याबाई हासत आन् मी मनातल्या मनात एकेक डबा मोजो.

वैनगंगेच्या पुलावर ट्रक हळू झाला. आत्याबाईनं कमरेच्या पिशवीतून पैसा काढला, डोळे मिटले, ओठ हालवले, नदीत टाकला. मंग माह्या हातावरबी एक ठेवला. "टाक." मी डोळे मिटले, टाकला. त्याईनं काय मागतलं ते मले माहीत होतं, मी काय मागतलं ते त्याईले. नदीले बिचारीले काय करावं समजलं नसन. तरी पैसा त्याईनंच दिला, हे मी त्या दिवशी लय वेळ मनात घोळवत होती.

कॅम्पच्या जागी पोहचलो तं रस्त्यावर एष्टीचा थांबा समोरच. आत्याबाईनं बोचकं ह्यांच्या हातात दिलं आन् म्हनल्या, "उघड."

डायव्हरभाऊ पक्कड घेऊन तार सोडाले बसले. मी बाबूले या कडेवरून त्या कडेवर घेत राह्यली, त्याले वाटलं खेळवून राह्यली, ते खिदळाले लागलं. दार उघडलं. मी डोळे मिटूनच पायरी चढली.

मंग उघडले. तट्टा जागेवर. आरसा जागेवर. कंदील, परात, तवा, गंज, डबे, सगळे टूबच्या पट्ट्यात पोट आवळून उभे, शाळेतल्या पोट्ट्यांवानी. आन् खाली सगळं पिवळं! जमीन पिवळी, खाट पिवळी, वाकळ पिवळी, खिडकीच्या काचा पिवळ्या. हळदीचा डबा होता वरतंच, बांधलेला, पन झाकन उडालं होतं.

"पडली!" आत्याबाई म्हनल्या.

"डबा कुठी पडला? डबा वर आहे!"

"हळद पडली ना?"

"तुमी वस्तू म्हनल्या होत्या, आत्याबाई. हळद काय वस्तू आहे का?"

"मंग काय आहे, पाहुनी आहे?"

डायव्हरभाऊ दारातून म्हनले, "डोक्यावर पडली तं काय होईन? डोकं पिवळं होईन. बाकी काय?"

"तू चूप बस रे, तुले कोनी पंच केलं?" आत्याबाईनं दोन्ही हातांनी तट्टा धरला, आन् पाय भिंतीले टेकवून ओढला. सगळं अंग मागं टाकून ओढला. बांबू करकरला. काईच सुटून आलं नाई. त्या पुन्हा एकदा ओढाले गेल्या तं खालच्या हळदीवरून पाय सरकला, आन् धप्पकन बसल्या. लुगडं पिवळं, हात पिवळे, नाकाचा शेंडा पिवळा.

कोनी हासलं नाई. कोनाची हिंमत! बाबू मात्र माह्या कडेवरून खाली झुकला, पयल्यांदाच आजीकडं दोन्ही हात केले, आन् आजीच्या पिवळ्या नाकाले पाहून असा खदखदला का त्याले उचकी लागली.

आत्याबाईनं त्याले खालीच मांडीवर घेतलं. त्याच्या दोन्ही गालाले हात पुसला. मंग मले म्हनल्या, "वाक." मी वाकली. माह्याबी गालाले, इकडून, तिकडून, चांगली रगडून हळद लावली.

हे बोचकं घेऊन पायरीखाली उभे होते. बिचाऱ्या आवाजात म्हनले, "आई, एष्टी येऊन राह्यली."

"येऊ दे. हळद लागलेल्या पोरीले कोनी घराबाहेर काढते का?" आत्याबाई म्हनल्या. "बोचकं आत आन. आन् झाडू आन, आन् ती टूब उरली असन तं तेबी. ह्या डब्यांच्या पोटावरून पट्टी घेतली, झाकनावरून कोन घेईन?"